कपाटातल्या दोनशे प्रती

मित्रांनो, मी एक जुना सायक्लोस्टाइल आहे, इंदूरच्या एका सरकारी दफ्तरातला. झेरॉक्सचा मोठा भाऊच समजा ना मला. मेणाचा पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. त्यावर टाइप करायचं, तो माझ्या ड्रमला लावायचा आणि हँडल फिरवत राहायचं. खटाक-सर्रर, खटाक-सर्रर, की एकाच्या दोनशे प्रती! नवा होतो तेव्हा अख्खं दफ्तर मला बघायला जमलं होतं. एकदम व्हीआयपी होतो मी.

मला चालवायचे अच्युतजी, आमचे टाइपबाबू. त्यांचे आजोबासुद्धा संस्थानच्या कचेरीत लिहायला होते. अच्युतजींची बोटं इतकी भराभर चालायची की काय सांगू. पण बोटांना एक आदत होती. कुठलाही कागद असो, खाली शेवटची ओळ तीच: ‘केवल कार्यालयीन उपयोग हेतु’, म्हणजे फक्त ऑफिसच्या वापरासाठी. पिकनिकच्या नोटिशीवरसुद्धा.

मग शहरातल्या कापडाच्या मिली बंद पडायला लागल्या. एका मिलच्या कामगारांची यादी आमच्याकडे आली, कोणाची किती वर्षं नोकरी झाली त्याची; भरपाई त्यावरच मिळणार होती. पंधरा दिवसांत हरकत घ्या, नाही तर यादी पक्की, असा हुकूम होता. अच्युतजींनी टाइप केली, मी दोनशे प्रती काढल्या. आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली, मित्रांनो. स्टेन्सिलला बारीकशी सुरकुती पडली होती. जनाबाई म्हणून एक कामगार होत्या, त्यांच्या नावापुढे चोवीस वर्षं टाइप झालेली, पण सुरकुतीत दोनाचा आकडा अडकला आणि कागदावर नुसतं चार उमटलं. मला कळलं हो! पण मला कुठे बोलता येतं?

तेवढ्यात आमचा शिपाई बाळकृष्ण आला. तो नियमाचा एकदम पक्का. शेवटची ओळ वाचली आणि सगळ्या प्रती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी जनाबाई बाळकृष्णकडे आल्या. सूत भरायच्या खात्यात होत्या त्या, पाटणीपुऱ्याहून पायी आलेल्या.

“भिया, लिस्ट दाखव ना.”

“नाही ना दाखवता येत, जनाबाई. ऑफिसची आहे.”

“नावं आमची आणि लिस्ट ऑफिसची? वा रे वा.”

त्या रोज यायच्या. बाळकृष्ण बिचारा पाणी द्यायचा, चहा द्यायचा, लिस्ट नाही द्यायचा. मी कोपऱ्यातून दिवस मोजत होतो. दहा झाले, अकरा झाले.

बाराव्या दिवशी जनाबाई सरळ अच्युतजींच्या टेबलापाशी गेल्या. “बाबूजी, नका दाखवू. पण नाही दाखवायची हे ठरवलं कोणी, तेवढं सांगा. मी त्याच्याकडे जाते.”

“बसा. ऑर्डर असेल, दाखवतो,” अच्युतजी म्हणाले.

आणि शोधायला लागले. जेवणाचा डबा तसाच राहिला. एक फाइल, दुसरी फाइल, मग वरच्या फळीवरच्या धुळीने भरलेल्या फाइली. चार वाजले. मग ते येऊन खुर्चीत बसले आणि आपल्या बोटांकडे बघत राहिले.

“कोणीच नाही ठरवलं, जनाबाई,” ते हळूच म्हणाले. “माझ्या सीनियरनी शिकवलं होतं, मी टाकत गेलो. वीस वर्षं.”

“म्हणजे मी बारा दिवस तुमच्या बोटांशी भांडत होते?”

बाळकृष्णला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

अच्युतजी साहेबांकडे गेले, झालं ते सगळं सांगितलं आणि सही घेऊन आले. स्टेन्सिलवरची ती ओळ खोडायच्या लाल औषधाने बुजवली, सुकू दिली आणि तिथे नवीन टाइप केली: ‘यह सूची सबकी है। जो चाहे नकल करे, जो चाहे बाँटे।’ मग माझं हँडल धरलं. मी इतका कधीच पळालो नव्हतो! शाई संपली, बाळकृष्ण पळत जाऊन सियागंजातून डबा घेऊन आला.

पहिली प्रत जनाबाईंच्या हातात. त्यांचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं आणि थांबलं.

“चार? माझा पोरगाच तेवीसचा आहे, बाबूजी. मिलच्या पाळणाघरात वाढला तो.”

अच्युतजींनी स्टेन्सिल काढून खिडकीच्या उजेडात धरलं. सुरकुतीत दोन स्पष्ट दिसत होता. हरकत तिथल्या तिथे लिहिली गेली. आणि ऐका ना, प्रती महूला गेल्या, बेटम्याला गेल्या, लोकांनी वहीच्या पानांवर उतरवून वाटल्या. तीन दिवसांत आणखी एकोणीस चुका सापडल्या. त्या माझ्या नव्हत्या हं! जनाबाईंची चोवीस वर्षं पक्की झाली.

आता माझं रबर कडक झालंय, अंगावर रद्दीचे गठ्ठे आहेत. कोणी धूळ पुसली तर बरं वाटेल, पण मागणं ते नाही. मित्रांनो, चूक मशीनकडूनही होते आणि बाबूकडूनही. पण ती ओळखू शकतो तोच, ज्याचं नाव त्या कागदावर आहे. म्हणून लोकांचा कागद कोणी आत ठेवला तर जा, मागा. आणि मिळाला की घरात ठेवू नका. शेजारच्याचंही नाव असेल त्यात.