डावा गाल, उजवा गाल

माझ्या डाव्या गालाचे भारी लाड होतात. उजव्याला कुत्रंही विचारत नाही. हे डोकं माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्यांचं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान आहे आणि तांब्याच्या पेप्टाइडचं निळं सीरम ही त्यातली सगळ्यात महागडी बाटली. सुरकुत्या विरतात, बिघडलेली त्वचा भरून येते, असं तिच्यावर छापलंय. छापलेल्यावर कोण विश्वास ठेवतंय, म्हणून जाऊबाईंनी मला काउंटरवर बसवलं. डावीकडे रोज सीरम, उजवीकडे नुसतं पाणी. गिऱ्हाइकाने दोन्ही गाल बघायचे आणि बाटली घ्यायची.

नाही म्हणायची सोय नव्हती. यांची नोकरी गेल्यापासून आम्ही दिरांच्या वरच्या खोलीत राहतो आणि खाली त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवतो.

पंचाईत अशी, की दोन्ही गाल सारखेच दिसत राहिले. बायका चष्मा लावून निरखायच्या आणि साबणाची वडी घेऊन जायच्या.

"तू चोरून दोन्हीकडे लावतेस," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही हो ताई, शप्पथ."

मग त्यांनी माझी खुर्ची खिडकीशी नेली, उजवी बाजू काचेकडे करून. "उजेडात नीट दिसतं गं." डाव्या गालावर सीरम, वर सनस्क्रीनचा थर. उजवा दुपारपर्यंत उन्हात. त्यांचा डाव कळायला मला वेळ लागला नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले, "वहिनीचंही काही चुकत नाही. धंदा आहे." असा संताप आला, की पुढचं ताट सरकवून उठावं. पण ताटही त्यांचंच होतं.

उन्हाने आपलं काम चोख केलं. उजवा गाल रापला, डोळ्याशी सुरकुत्यांचं जाळं झालं, एक तपकिरी डाग उमटला. आता बाटल्या हातोहात खपायला लागल्या. एकीने हळहळून विचारलं, "या बाजूला काय झालं हो?"

"काही नाही," मी म्हणाले. "ती माझी स्वतःची आहे."

एका सकाळी आरशासमोर मला रडूच फुटलं. तशीच खाली गेले आणि जाऊबाईंना तोंडावर सांगितलं, "आजपासून उजवीकडेही लावणार. नाहीतर मी बसणार नाही." दीर पेपरात तोंड खुपसून बसले.

जाऊबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवला आणि चक्क हसल्या. "लाव की. मी तेच म्हणणार होते. खराब झालेला गाल सुधारताना दिसला, तर आणखी खप होईल."

त्यांना मिठी मारावीशी वाटली. वर जाऊन उजव्या गालावर सीरम लावलं. गार लागलं. कितीतरी दिवसांनी मी गुणगुणत जिना उतरले.

दुकानात जाऊबाई माझी खुर्ची फिरवत होत्या.

"आता इकडे तोंड करून बस," त्या म्हणाल्या. "आणि डावीकडचं सगळं बंद कर. फरक दिसायला हवा ना."

मी बसले. ऊन डाव्या गालावर आलं.