न उतरणारा ढीग

मित्रांनो, मोगरी म्हटले की तुम्हाला धुण्याचा दगड आणि ओले कपडे आठवत असतील. मी त्या घराण्यातली नाही. जन्मात मी एकही सदरा आपटलेला नाही. मी खताच्या कारखान्यातली एक जुनी लाकडी मोगरी आहे आणि माझे सगळे आयुष्य नरसाळी ठोकण्यात गेले.

तुमच्या स्वयंपाकघरात तेल ओतायला नरसाळे असते ना, तशीच नरसाळी आमच्याकडेही आहेत. फक्त एकेक नरसाळे खोलीएवढे असते. आमच्या गोदामात पांढऱ्या दाणेदार खताचा दोन मजली उंच ढीग असतो. ढिगाखाली जमिनीत तीन पोलादी नरसाळी बसवलेली आहेत, एक मधोमध आणि दोन कडेला. त्यांच्याही खाली एक भुयार आहे. झडप उघडली की खत नरसाळ्यातून भुयारातल्या पट्ट्यावर पडते आणि पट्टा ते पोती भरायला नेतो. पण खताला दमट हवा सोसत नाही. पडून राहिले की ते घट्ट होते आणि झडप उघडली तरी खाली यायचे नाव घेत नाही. मग नरसाळ्याला बाहेरून ठोकावे लागते. लोखंडी हातोड्याने पत्र्याला पोचे येतात, म्हणून लाकडाची मोगरी हवी.

कारखान्याच्या सुताराने मला एका मोडक्या दाराच्या चौकटीतून घडवले. लाकडात गाठी फार, म्हणून तो दिवसभर कुरकुरत होता. त्या गाठींमुळेच मी इतकी वर्षे टिकले, पण हे त्याला सांगायची सोय नव्हती. घडवून झाल्यावर त्याने माझ्या दांड्याला तेल चोळले आणि मला ठोकेमामांच्या हातात दिले.

ठोकेमामा हे काही त्यांचे खरे नाव नाही, पण खरे नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे वापरले गेल्याचे मी ऐकलेले नाही. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजवाही मनात असेल तेव्हाच ऐकायचा. म्हणून मामा ठोक्याचा आवाज ऐकत नसत. ते तळहाताला विचारत. भरलेल्या नरसाळ्यावर ठोका मारला की मी जागच्या जागी गप्प बसते. रिकाम्यावर मारला की मी उसळते आणि दांडा धरणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या येतात. अर्धे भरलेले, वर अडकलेले, ओले, कोरडे, प्रत्येकाचा झटका वेगळा. मामांना तो सगळा पाठ होता. पूर्वीचे व्यवस्थापक पाहुण्यांना मुद्दाम भुयारात आणत आणि म्हणत, "आमच्या मामांच्या हाताला डोळे आहेत." तेव्हा मामा लाजत आणि मी मात्र फुगून जात असे.

मग एके दिवशी नरसाळ्यांना विजेचे व्हायब्रेटर बसले. कळ दाबली की पत्रा थरथरतो आणि खत आपोआप सुटते. मला कोणी टाकून दिले नाही, तेवढे उपकार मानायचे. भुयाराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून माझे डोके त्याच्या फटीत अडकवले. मित्रांनो, मी बरीच वर्षे दार अडवून काढली. येणारा-जाणारा मला पायाने सरकवायचा. मामा तेवढे जाता-येता वाकून मला हात लावत. व्हायब्रेटरचा मला राग होता हे मी लपवत नाही. पण खरा दोष त्याचा नव्हता. झडप बंद असताना त्याला चालवले की खत सैल होण्याऐवजी आणखी ठासून बसते, हे मामांनी दोनदा सांगितले होते. लोक घाईत असत आणि कळ दाबून मोकळे होत.

आता खरी हकीकत सांगते. तुमची जशी शाळेत चाचणी परीक्षा असते, तशी कंपनीचीही दर तीन महिन्यांनी परीक्षा असते. तिला तिमाही निकाल म्हणतात. किती खत बनले, किती विकले, किती शिल्लक आहे आणि पुढे काय होईल, हे सगळे जगापुढे वाचून दाखवायचे असते. पुढे काय होईल हे मात्र कंपनीच्या हातात नसते, ते जगभरच्या शेतांवर ठरते. त्या वर्षी बातमी आली की दूरच्या एका देशात पाऊस दडी मारून बसला आहे. तिथे मका पिकणार नाही, मक्याचा भाव चढणार, मग बाकीच्या देशांत लोक मका जास्त पेरणार आणि त्यांना खत जास्त लागणार. म्हणून वरून हुकूम आला, की माल धरून ठेवा, भाव चढला की विकू.

पावसाला मात्र हा हुकूम कोणी कळवला नव्हता. तो महिनाभराने त्या देशात धो धो पडला. मका सगळीकडे उदंड झाला, त्याचा भाव बसला आणि खताचे गिऱ्हाईक हात आखडून बसले. आमचा ढीग गोदामात तसाच राहिला. तीन महिन्यांत किरकोळ मागण्या मिळून चारशे टन माल तेवढा गेला.

गंमत पुढेच आहे. चारशे टन माल गेला, पण ढीग काही उतरला नाही. एरवी खालून माल काढला की ढिगाच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा पडतो. या वेळी माथा होता तसा टोकदार. वहीप्रमाणे एकवीसशे टन उरायला हवे होते आणि डोळ्यांना पंचवीसशे दिसत होते. कोणीतरी ढिगाचा फोटो हिशेबवाल्या साहेबांना पाठवला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. पट्ट्यावरचा वजनकाटाच चुकला असणार, चारशे टन आपल्याकडे जास्तीचे आहेत, असे त्यांनी धरले.

साहेबांना हसू नका. तो माणूस वाईट नव्हता. निकाल बरा आला नाही तर दुसरी पाळी बंद करावी लागेल, असे त्यांनीच आठवड्यापूर्वी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितले होते आणि त्या दिवशी आपला डबा न उघडताच परत नेला होता. दुसऱ्या पाळीत अकरा माणसे होती. मामा त्यांतलेच एक. ते चारशे टन खरे निघाले असते तर पाळी वाचली असती. म्हणून सगळ्यांनाच ते खरे हवे होते.

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी मोजणीताई आल्या. दर तिमाहीला ढीग मोजण्याचे काम त्यांचे. त्या नोकरीवर नवीन होत्या, ही त्यांची दुसरीच मोजणी. रीत अशी, की ढिगाच्या वरून जाणाऱ्या लोखंडी पुलावरून शिडी सोडायची, माथ्यावर उतरायचे आणि पाच ठिकाणी सळई खुपसून खोली बघायची. शिडी लावून झाली होती. ताईंनी बुटांचे बंदही आवळले होते.

तेवढ्यात मामांनी भुयाराच्या दारातून मला उचलले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. न उतरणारा ढीग त्यांना कित्येक दिवस खटकत होता, एवढे खरे. ते खाली उतरले आणि कडेच्या नरसाळ्यावर मला मारले. मी गप्प बसले. दुसऱ्या कडेला मारले, तिथेही गप्प. मग त्यांनी मधल्या नरसाळ्यावर ठोका मारला आणि मी अशी उसळले की मामांच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. वर एवढा ढीग आणि मधले नरसाळे पार रिकामे!

मामांना सगळे उमगले. झडप बंद असताना व्हायब्रेटर चालवून चालवून कडेच्या दोन्ही नरसाळ्यांतले खत ठासून घट्ट झाले होते, म्हणून तीन महिने सगळा माल एकट्या मधल्या नरसाळ्यातून गेला होता. आतून खत निघत गेले आणि वरचा घट्ट थर छतासारखा तसाच तरंगत राहिला. ढीग आतून पोकळ होता. म्हणजे जास्तीचे चारशे टन नव्हतेच. मामा तिथे क्षणभर उभे राहिले. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता आणि तो माझ्या दांड्याला लागत होता. हे वर जाऊन सांगायचे म्हणजे आपल्या हाताने आपली पाळी बंद करायची. आणि नाही सांगायचे म्हणजे शिडीवर उभी असलेली ती मुलगी. मित्रांनो, मामा क्षणभरच थांबले. मग ते त्या वयातही जिना धावत चढले.

"ताई, ढिगावर उतरू नका," ते धापा टाकत म्हणाले. "आत काही नाहीये. नुसता वरचा थर आहे."

ताईंचा एक पाय शिडीवर होता. त्यांनी तो मागे घेतला, पण विश्वास बसला असे दिसले नाही. पाळी वाचावी म्हणून सगळे धडपडत असताना हे म्हातारे भलतेच काय सांगतात, असे त्यांना वाटले असावे. मामांनी वाद घातला नाही. त्यांना खाली नेले, मला त्यांच्या हातात दिले आणि तिन्ही नरसाळी ठोकायला लावली. ताईंचा हात कोवळा होता. मधल्या नरसाळ्याशी मी उसळले तेव्हा मी त्यांच्या हातातून निसटायचीच बाकी होते. त्या हात झटकत म्हणाल्या की नरसाळे रिकामे आहे हे पटले, पण कदाचित तोंडाशीच माल अडकला असेल, वरचा ढीग भरीव असेल. एवढ्यावरून साहेबांना नाही कसे म्हणायचे?

मामा म्हणाले, "मग आधी पोतं उतरू दे. तुम्ही नंतर."

पुलावरून पन्नास किलोचे पोते ढिगाच्या माथ्यावर टाकले. ताईंनी आधीच साहेबांना फोन लावला होता आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला होता. पोते धपकन पडले आणि तिथेच बसले. जरासुद्धा हलले नाही. फोनमधून साहेबांचा सुस्कारा ऐकू आला. बसले ना पोते, मग आता उतरा आणि मोजा, ते म्हणाले. पुलावर जमलेली दुसऱ्या पाळीची माणसे एकमेकांकडे पाहून हसली. मामांनी मला कमरेला खोचले आणि दुसऱ्या पोत्याकडे बोट केले.

"ताईंचं वजन मी विचारत नाही," मामा म्हणाले, "पण पोत्यापेक्षा जास्त असणार. आणखी एक टाका."

दुसरे पोते पहिल्याच्या शेजारी पडले. आधी काहीच झाले नाही. मग माथ्यावर एक बारीक भेग दिसली, ती दोन्ही पोत्यांखालून सरकत गेली आणि अख्खा माथा आत बसला. गोदाम हादरले. पांढरी धूळ छतापर्यंत उडाली आणि पुलावरच्या कोणालाच कोणी दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा ढिगाच्या जागी एक खोल खड्डा होता आणि त्या खड्ड्यात दोन्ही पोत्यांचा मागमूस नव्हता. मघाशी हसलेल्यांपैकी एकाने ताईंच्या कोपराला धरून त्यांना कठड्यापासून मागे ओढले.

फोनमधून साहेब विचारत होते की कसला आवाज झाला, मोजले का, ढिगावर उतरलात का. ताईंचे ओठ धुळीने पांढरे झाले होते.

"नाही उतरले साहेब," त्या म्हणाल्या. "उतरले असते तर तुमच्याशी बोलायला मी नसते. एकवीसशेच टन आहे. एकवीसशेच लिहा."

साहेबांनी मग टनांचे काही विचारले नाही. सगळी माणसे धड आहेत ना, एवढेच विचारले आणि दोनदा विचारले.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि दुसरी पाळी बंद झाली. अकरा माणसांनी आपापले डबे आणि रुमाल कपाटातून काढून नेले. बाकीच्यांपैकी कोणी मामांना टोचून बोलले नाही, पण नेहमीसारखे कोणी थट्टाही केली नाही आणि मामांना ते जास्त लागले. ताई निरोप द्यायला भुयाराशी आल्या होत्या. मामांनी मला त्यांच्या हातात दिले आणि सांगितले, की लाकूड सुकू देऊ नका, महिन्यातून एकदा तेल लावा.

ती पाळी अजून सुरू झालेली नाही. सात जणांना दुसरीकडे काम मिळाले, चौघे अजून शोधत आहेत, मामा त्यांतलेच. मी मात्र आता दार अडवत नाही. भिंतीवर माझ्यासाठी खुंटी आहे आणि नरसाळी ठोकून पाहिल्याशिवाय ढिगावर कोणी पाय ठेवायचा नाही, असा नियम झाला आहे. मोजणीच्या दिवशी ताई मामांना घरून बोलावून घेतात. मामा ठोकतात, मग ताई ठोकतात आणि दोघे एकमेकांना आपापल्या हाताला काय कळले ते विचारतात. ताईंचे अजून चुकते, पण पूर्वीइतके नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, एक मोडली तर दुसरी घडवता येईल. पण ज्याच्या हाताला काही कळते असा माणूस तुमच्या आसपास असेल, तर पाय पुढे टाकण्याआधी त्याला विचारा. आणि त्याने नको ते उत्तर दिले तरी त्याच्यावर रुसू नका.

तो निकालाचा कागद बरेच दिवस भुयाराच्या दाराशी चिकटवलेला होता. त्यात मका होता, गहू होता, कुठल्या देशात किती पाऊस पडला आणि पुढच्या हंगामात खताला किती मागणी येईल, ते सारे होते. आमच्या एकवीसशे टनांचीही एक ओळ होती. त्या दिवशी एक मुलगी संध्याकाळी आपल्या घरी पोचली, हे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून ते मी तुम्हाला सांगितले.