शकुंतलाबाईंची उजवी मांडी

पितळी कळशी. रक्तात उरलेली साखर. बबीन्याहून येणारी बस. पंगतीत मांडलेली एकच खुर्ची. वरणाची पळी.

मित्रांनो, हे तुकडे मी जोडतो. मी एक जुना स्नायू आहे. झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या शकुंतलाबाईंच्या उजव्या मांडीत माझा मुक्काम.

एकेकाळी माझा थाट होता. गणपतीत इथल्या मराठी मंडळींची पंगत बसली की वरण बाईच वाढायच्या. तो त्यांचा मान. पुढे बाईंची नोकरी संपली आणि घरात आदर सुरू झाला. आदर म्हणजे बाईंना उठू न देणं. चहा खुर्चीत, पाणी खुर्चीत, पोथीही खुर्चीत. मी सुकलो. माझ्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या भट्ट्या आहेत. साखर आणि चरबी जाळून त्या एटीपी हे इंधन बनवतात. त्या मंदावल्या. साखर रक्तातच भटकत राहिली.

गेल्या गणपतीत बाई पाटावर जेवायला बसल्या आणि त्यांना उठताच येईना. पुतण्यांनी बगलेत हात घालून उचललं.

"काकीजी, अगले साल आपके लिए कुर्सी," धाकटा दिवाकर म्हणाला.

पळी दुसऱ्या हातात गेली.

मग बबीन्याच्या बसने आली बकुळ, त्यांची भाची. ती तिथल्या लष्करी छावणीत फौजींच्या बायकांना व्यायाम शिकवते.

"मावशी, कळशी छातीशी धर. खुर्चीवरून उठ. बस. फिर से!"

"किल्ल्यावरची तोफ उचलायचीय का हिला?" बाईंचे यजमान विद्याधरराव हसले.

"काका, तुम्ही फक्त चहा आणून देऊ नका. ती उठून घेईल."

आणि माझ्या आत? सांगताना छाती फुगते. मला छाती नाही, तरी फुगते. मी जोर लावला की एटीपी भराभर खर्च होई. लगेच ग्लूट-४ नावाचे माझे हमाल आतून माझ्या कडेला येत आणि रक्तातली साखर आत ओढत. इन्सुलिनच्या हुकमासाठीही थांबत नसत. विश्रांतीत माझे धागे नव्या प्रथिनांनी जाड होत, साखर ग्लायकोजेन होऊन कोठारात पडे. बकुळ कळशीत पाणी वाढवत गेली. माझे हमाल वाढले. भट्ट्या पुन्हा धगधगल्या.

यंदा पंगतीत खुर्ची मांडलेली होती. बाई पाटावर बसल्या. जेवल्या. सगळे बघत होते. मी ताणलो, थरथरलो, आणि बाई उठल्या. हात न टेकता!

"अरे, काकीजी!" दिवाकर ओरडला.

"ती खुर्ची तू घे, बाळा. दमला असशील. पळी इकडे दे, दुसऱ्या पंगतीचं वरण मी वाढते."

मित्रांनो, घरातल्या थोरांना मान जरूर द्या. पण त्यांचं उठणं काढून घेऊ नका. आम्ही स्नायू म्हातारे होतो, पण शिकणं सोडत नाही.

ती पितळी कळशी झाशीच्या बाजारात, मानिक चौकात घेतली तेव्हा शकुंतलाबाई नऊ वर्षांच्या होत्या, आणि घरापर्यंत त्यांनीच ती उचलून आणली होती.