पदरचं वाक्य

चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचा आणि मागच्या खोलीत हा, कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीत माखलेला. मशीनवर काच चढवली की तिचा काठ फ्रेमच्या मापाचा होईपर्यंत हात मोकळे. तेवढ्यात तो मोबाइलवर जगभरातली विज्ञानाची नवलं धुंडाळायचा आणि त्यातलं एक निवडून, साध्या भाषेत लिहून, रोज सकाळी दहाला स्वतः काढलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. गोगलगायीला हजारो दात असतात. वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. लेंड्यांच्या दिवशी तर मालकाचे म्हातारे वडीलही आत येऊन, ‘फोटो आहे का रे?’ म्हणून विचारून गेले.

बघता बघता ग्रुपमध्ये तीनशे माणसं झाली. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेल्या माणसाला लोक रस्त्यात थांबवून ‘नवलदादा’ म्हणायला लागले. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी चिंगी दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. तपासण्या झाल्या, आणि तिला जन्मापासूनच ऐकू येत नाही असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सुचवली. कानामागे छेद घेऊन आत यंत्र बसवायचं. “पण लवकर करा,” त्या म्हणाल्या. “भाषा शिकायचं मेंदूचं एक वय असतं. ते कुणासाठी थांबत नाही.” बहीण भेदरली. एवढ्याशा डोक्यावर चाकू चालवायचा?

त्याच आठवड्यात त्याला कोंबड्यांची बातमी सापडली. कोंबडीच्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. असं का, ते शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करून शोधताहेत. बातमी एवढीच. पण लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे चिंगी होती. बहिणीला जरा धीर येईल असं वाटलं आणि शेवटी त्याने पदरचं एक वाक्य जोडून दिलं : ‘थोड्याच वर्षांत माणसालाही हे जमणार, मग यंत्राची गरजच उरणार नाही!’

बहिणीने त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकीच्यांनी कोंबड्यांवर विनोद केले. दुसऱ्या दिवशी त्याने मुंग्यांबद्दल काहीतरी लिहिलं.

पुढे शस्त्रक्रियेचा विषय काढला की बहीण म्हणायची, “विचार चाललाय.” मेहुणा म्हणायचा, “तिच्या मनाची तयारी नाही अजून.” हाही खोदून विचारायचा नाही. आई-बापांच्या निर्णयात मामाने किती नाक खुपसायचं?

चिंगी पाच वर्षांची झाली आणि शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा बहीण पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मेहुण्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून सोबत हा गेला. बाईंनी जुना कागद पाहिला, तारीख पाहिली.

“साडेतीन वर्षं कुठे होता तुम्ही?”

“नवा उपचार येणार होता ना?” बहीण म्हणाली. “पेशी उगवायचा. आमच्या दादाने वाचलं होतं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“असा उपचार आज माझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. “यंत्र आताही बसवता येईल. आवाज कळेल तिला. पण बोलण्याची फार आशा धरू नका.”

बाहेर बाकावर चिंगी त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. तो बहिणीला म्हणाला, “मला एकदा तरी विचारायचंस गं.”

“काय विचारायचं? तू कधी खोटं लिहीत नाहीस.”

“ती शेवटची ओळ बातमीत नव्हती. माझी होती. तुला बरं वाटावं म्हणून...”

बहिणीने चिंगीला आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, “दादा, मला ती एकच ओळ पाठ आहे.”

दुपारी दुकानात आल्यावर त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. अमुक दिवशी मी कोंबड्यांबद्दल जे लिहिलं त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या मनचं होतं, त्यामुळे माझ्या घरात एका लेकराचं भरून न येणारं नुकसान झालंय, कुणी माझ्यावर विसंबून काही केलं असेल तर मला माफ करा. खाली अंगठे आले, टाळ्या आल्या. एकाने लिहिलं, ‘मस्त माहिती, नवलदादा! उद्या काय?’ मशीनवरची काच कधीच घासून झाली होती. पाणी उडत होतं आणि चाक रिकामं गरगरत होतं. त्याने ग्रुप बंद करून टाकला.

यंत्र बसवलं. ज्या दिवशी ते सुरू केलं त्या दिवशी चिंगी किंचाळली आणि तिने कानामागे बाहेरून लावलेली यंत्राची पेटी ओरबाडून काढली. सात-आठ महिने बहिणीने समजावून, रागावून, पाया पडून पाहिलं. शेवटी ती पेटी कपाटात गेली आणि चिंगी मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत. तिथे मात्र पोरगी फुलली. तिचे हात असे भरभर बोलायला लागले की बघत राहावं. खुणांची ती भाषा बहीण शिकली, मेहुणाही शिकला. हाही संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागला, पण आज शिकलेलं उद्या आठवेना. चार महिन्यांत जेमतेम वीसेक खुणा हाताला बसल्या.

एका रविवारी तो बहिणीकडे जेवायला गेला होता. ताटावर बसल्या बसल्या चिंगी शाळेतला कसलासा किस्सा हातांनी सांगू लागली. आई-बाप हसले. त्यांच्याकडे बघून तोही हसला. चिंगीचे हात थबकले. तिने त्याला नीट निरखलं आणि आईला काहीतरी विचारलं. त्याला त्यातली ‘मामा’ एवढीच खूण ओळखता आली.

“काय म्हणतेय?”

“मामाला कळलं का, विचारतेय.”

“मग सांग की, कळलं म्हणून.”

बहिणीने वाटी खाली ठेवली. “नाही,” ती म्हणाली. “तिला नुसतं बरं वाटावं म्हणून मी काही सांगत नाही.”

तिने चिंगीकडे बघून नकारार्थी मान हलवली. चिंगीने खांदे उडवले, त्याच्याकडे पाठ करून ती बापाच्या बाजूला वळली आणि तिने किस्सा पुढे सुरू केला.