कोऱ्या विषयाची पत्रं

आमच्या वाचनालयात पुस्तकं कानांनी वाचतात. अंध वाचकांना आम्ही ध्वनिमुद्रित पुस्तकं पाठवतो. त्यांच्या मागण्या ईमेलनं येतात आणि त्या बघते ताई; सगळे तिला ताईच म्हणतात. बघते म्हणजे ऐकते. ती जन्मापासून अंध आहे, तिचा संगणक प्रत्येक पत्र तिला वाचून दाखवतो. मी तिथला निवृत्त सूचीकार. पुस्तकांच्या याद्या करण्यात आयुष्य गेलं. सर्व्हरवरचं एक जाडजूड पुस्तक कधीकाळी वाचलं होतं, एवढ्यावर मेलचा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. तो मला जमतो असं मला कधीच वाटलं नाही, पण तसं सांगण्याचंही धाडस झालं नाही.

उन्हाळ्यात घाण यायला लागली. पुरुषांसाठी औषधं, बायकांची चित्रं, आणि चित्रांखालची वर्णनं. ती इथे लिहिणार नाही. एका सकाळी ताईच्या हेडफोनची वायर निसटली आणि यंत्राच्या त्या सपाट, सभ्य आवाजात तसलं एक पत्र भरल्या वाचनकक्षात पहिल्या ओळीपासून सुरू झालं. ताई चाचपडत बटण शोधत होती. मी चार पावलांवर उभा होतो, आणि उभाच राहिलो. कान साबणानं धुवावेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या आधी, साडेसातला यायला लागलो. सर्व्हरवर तिच्या नव्या पत्रांची यादी काढायची, घाण दिसेल ते कायमचं पुसायचं, आणि मग हात धुवायचे. पत्र उघडायचीच किळस यायची, म्हणून नुसते विषय वाचायचो, तेही डोळे किलकिले करून. विषयाची जागा कोरी असेल, ते पत्र तर सरळ पुसायचो. ज्याला विषय लिहायचीच लाज वाटते, त्याच्या पोटात काय असणार? ताईला यातलं काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी तिच्याशी बोलायच्या कशा?

जोडीला मी सर्व्हरवर स्पॅम अडवणारा फिल्टर बसवला. बसला, पण काही अडवेना. सर्व्हर बंद करून चालू केला. फाइलींच्या परवानग्या तपासल्या. नोंदी पाहिल्या तर प्रत्येक पत्र फिल्टरमधून जात होतं आणि प्रत्येकाला ‘स्वच्छ’ असा शेरा मिळत होता, त्या किळसवाण्या पत्रांनासुद्धा. पुस्तकातली चाचणीची ओळ स्वतःला पाठवली, ती मात्र त्यानं लगेच धरली. म्हणजे तो जागा होता. घाण तेवढी त्याला ओळखू येत नव्हती.

अशात व्यवस्थापकांनी ताईला बोलावून घेतलं. पत्रांना उत्तरं येत नाहीत म्हणून वाचकांचे फोन येत होते. घाणीला कंटाळून ताई सगळंच न ऐकता उडवते, असा त्यांचा समज झाला. सोमवारपासून पत्रं दुसऱ्या कोणाकडे, ताईनं पाठवायच्या पुस्तकांच्या डब्यांवर लेबलं चिकटवायची.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “अठरा वर्षांत एक पत्र तुंबू दिलं नाही, काका. आणि आता मी कामचुकार.”

मी ठरवलं, सोमवारच्या आत फिल्टर चालायलाच हवा. घाण थांबली की व्यवस्थापकांचा संशय फिटेल, असं मला भाबडेपणानं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचलं. या फिल्टरला आधी शिकवावं लागतं. दोनशे चांगली आणि दोनशे घाणेरडी पत्रं दाखवल्याशिवाय तो स्वतःची अक्कल वापरत नाही. त्यानं किती पाहिली ते तपासलं. पेटीत उरलेली सगळी त्यानं चांगली म्हणून मोजली होती, तीन हजारांवर; घाणेरडी शून्य. ज्या घाणीवर तो शिकणार, ती मीच रोज सकाळी पुसत होतो.

सर्व्हरच्या रोज रात्रीच्या बॅकअपमधून पुसलेली पत्रं परत काढली. एखादं चांगलं पत्र घाणीत गेलं तर फिल्टर उलटंच शिकेल, म्हणून आता एकेक उघडणं भाग होतं. नाकाला रुमाल लावून बसलो; कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. सतरावं पत्र कोऱ्या विषयाचं होतं. “ताई, दुसरा भाग अजून आला नाही. पहिला तीनदा ऐकून झाला.”

पुढचंही तसंच निघालं. आमचे कित्येक वाचक पत्र बोलून लिहितात, विषयाच्या चौकटीशी ते थांबतच नाहीत. चाळीस वर्षं या वाचनालयात काढून हे मला सुचलं नव्हतं. एकूण एकसष्ट पत्रं निघाली. एका बाईंनी चारदा लिहिलं होतं, चौथ्यांदा त्रास दिल्याबद्दल माफी मागून. तोवर मला त्या घाणीची शिसारी येत होती. आता माझी मलाच यायला लागली.

ताईच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे तीन महिने माझी पत्रं माझ्याआधी तुम्ही उघडत होता?”

“उघडत नव्हतो गं. नुसते विषय बघायचो.”

“उघडली असतीत तर बरं झालं असतं.”

तुला ते ऐकावं लागू नये म्हणून केलं, असं मी पुटपुटलो.

“असलं पत्र मी दोन शब्दांत ओळखते, काका, आणि डास झटकावा तसं झटकते. ऐकवत नव्हतं ते तुम्हाला.”

व्यवस्थापकांना सविस्तर लिहून कळवतो, म्हणालो.

“लिहू नका. जाऊन बोला. आत्ता. मी दाराशी थांबते.”

काय बोललो ते नीट आठवत नाही. बरीच वाक्यं अर्धवट सुटली. व्यवस्थापकांनी नाक मुरडलं, आणि ते त्या पत्रांना नव्हतं. ताईचं काम ताईकडे राहिलं. एकसष्ट जणांना तिनं तीन दिवसांत उत्तरं पाठवली. सर्व्हरचा पासवर्ड व्यवस्थापकांकडून बदलून घेतला, नवा मला सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

उरलेली घाण दाखवल्यावर फिल्टर आता शिकलाय. तरी त्याचं अधूनमधून चुकतं, म्हणून त्यानं अडवलेली पत्रं कोणीतरी तपासावी लागतात. तेवढा एक फोल्डर ताईनं माझ्याकडे दिला, एका अटीवर. प्रत्येक पत्र उघडायचं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, मगच टाकायचं.

रोज साडेसातला बसतो. आज ब्याण्णव होती. किळस तसूभरही कमी झालेली नाही. एकाहत्तरावं कोऱ्या विषयाचं होतं. उघडलं. पहिल्या चार ओळी तसल्याच. पाचवीही. शेवटपर्यंत वाचलं, टाकून दिलं आणि बहात्तरावं उघडलं.