खोपटातलं मडकं

कोलशेतच्या बांधावर राखणदाराचं खोपट होतं आणि त्या खोपटात एक मडकं टांगलेलं होतं. खाडीवरून वारा सुटला की मडकं खांबावर आपटायचं. ठप्प. जरा वेळानं पुन्हा ठप्प. बायका म्हणायच्या, मेलेला नाथा अजून राखण करतोय. गोविंदा असल्या बोलण्याला हसायचा, पण उधाणाच्या दिवसांत खोपटाची वाट टाळून लांबच्या वाटेनं मिठागरात जायचा. का, ते त्याला कोणी विचारत नसे. गावच्या पंचाला कोण विचारणार?

मडकं टांगायला सांगितलं होतं त्यानंच. अठ्ठेचाळीस साली होळीच्या उधाणाला बांध फुटला. खाडी मिठागरात घुसली आणि अख्ख्या हंगामाच्या मिठाच्या राशी विरघळून गेल्या. सकाळी गाव धावलं, तर राखणदार नाथा फुटलेल्या बांधाशी चिखलात पडलेला. डोळे लाल, जीभ जड, उभं राहवत नाही. शेजारी त्याचं ताडीचं मडकं. नाथाला ताडी आवडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावकीतल्या गुणाजीनं मडकं गळ्याला धरून उचललं आणि तो ओरडला, "अजून अर्धा भरलेला हाय!"

झालं, निवाडा तिथंच लागला. नाथा पुटपुटत होता, "मी बुजवत व्हतो रं." पिणाऱ्याचं कोण ऐकतो? त्याची बायको आवडाबाई कळवळून सांगत होती की बांधाला चिंबोऱ्या-खेकड्यांनी बिळं पाडलीत. "बायकांनी बांध शिकवू नये," गोविंदानं तिला गप्प केलं. नाथा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. जोडीदार म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, म्हणून गोविंदा जास्तच कडक झाला आणि त्यालाच तो न्याय समजला. घर वाळीत टाकलं, विहिरीचं पाणी बंद. मडकं खोपटात टांगलं, पुढच्या राखणदारांना धाक म्हणून. वाळीतल्या माणसाच्या वस्तूला पुन्हा कोणी हात लावायचा नाही, अशी गावची रीत.

नाथा शहाडला मजुरीला गेला आणि वर्षाच्या आत तिथंच मेला. त्याला खांदा द्यायला गावातून एकही माणूस गेला नाही. गोविंदाही नाही.

आता पंचावन्न साल. तेच होळीचं उधाण आणि बांध त्याच जागी खचला. सकाळच्या ओहोटीत माणसांनी धावून माती टाकली म्हणून मिठागर वाचलं. राखणीला होता काळुराम, नाथाचा सख्खा पुतण्या.

"खाण तशी माती," गुणाजी म्हणाला.

खोटं कशाला सांगा, गोविंदाच्या मनातही तेच आलं होतं, काळुरामला एक शब्द विचारायच्या आधी. दुपारी गावदेवीपुढं गावकी बसायची होती. काळुरामला ते मडकं दाखवायचं आणि चुलत्याच्या वाटेनं पाठवायचं, असं ठरलं होतं. मडकं आणायला पंचाशिवाय कोण जाणार?

गोविंदा खोपटात शिरला. वारा होता. ठप्प. "नाथा, माझा इलाज नव्हता रं," तो मोठ्यानं म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला. मग डोळे मिटून त्यानं दोरी सोडली. मडकं हातात आलं आणि त्याचं मनगट खाली गेलं.

जड होतं. सात वर्षं झाली. ताडी सात उन्हाळे राहते का? रिकामं मडकं खांबावर आपटलं तर असं ठप्प वाजतं का? जन्मभर मडकी हाताळलेला माणूस तो, आणि सात वर्षं तो आवाज भुताचा समजत आला.

त्यानं आत पाहिलं. आत खाडीचा काळा चिखल होता, वाळून दगड झालेला. त्यात भाताचा पेंढा मिसळलेला, बांधाची भोकं बुजवायला मिसळतात तसा. आणि वर पाच बोटांचे खोल ओरखडे. शेवटची मूठ काढलेली जागा. रात्रभर खाऱ्या पाण्यात एकट्यानं भोकं बुजवणाऱ्याचे डोळे लाल होणार नाहीत, पाय उभे राहतील?

गोविंदा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

गावकीत त्यानं मडकं मधोमध ठेवलं आणि एकेकाला आत बघायला लावलं. शेवटी गुणाजी म्हणाला, "ता ठीक हाय दादा. पन काळुराम पितो, ता तरी खरा ना?"

"मीपन पितो. तूपन पितोस," गोविंदा म्हणाला. "आदी बांध खनू. मंग मानसाचा बोलू."

खचलेल्या जागी खणलं तर बिळाला बीळ लागलेलं, आरपार. एका बिळातून मुठीएवढी चिंबोरी बाहेर आली आणि सगळ्यांच्या पायांमधून तिरकी पळाली. काळुराम सुटला.

आवडाबाई लांब उभी होती. सात वर्षं ती लांबच उभी राहत आली होती. गोविंदा मडकं घेऊन तिच्यापाशी गेला. "वयनी" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिनं मडकं घेतलं, कुशीत धरलं. आत हात घालून आपली पाच बोटं त्या ओरखड्यांत ठेवली. तिची बोटं बारीक, ओरखडे रुंद. बराच वेळ तिनं हात बाहेर काढला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी यात बघायला किती येल लागला असता?"

उत्तर गोविंदाला ठाऊक होतं. आज लागला, तेवढाच वेळ.