मी, तिचा सावत्र भाऊ

त्या शेवटच्या नेहमीच्या दिवशी माझ्याकडे बातम्या अगदीच किरकोळ होत्या. एका नायकाने मिशा काढल्या होत्या, एका गायिकेने नवे घर घेतले होते आणि दोन नट्यांचे भांडण मिटले की नाही, हे त्या दोघींनाही ठाऊक नव्हते. माझी निवेदिका ते सारे हसत सांगत होती. जाहिराती सुरू झाल्या तशी ती रंगभूषेच्या खोलीत गेली आणि तिने मुलीला फोन लावला.

"आवाज बसलाय तुझा," ती म्हणाली.

"दिवसभर वर्गात पोरांवर ओरडल्यावर काय होणार? मी ठीक आहे, आई. जा तू, जाहिराती संपतील तुझ्या."

ती परत आली, केस सारखे केले आणि माझा उरलेला भाग तिने नेहमीच्या झोकात पार पाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच ती गेली.

मित्रांनो, मी टीव्हीवरचा एक जुना कार्यक्रम आहे. नटनट्यांची लग्ने, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांचे कपडे आणि त्यांची कुत्री, सगळे मी घरोघर पोचवतो. माझा जन्म एका लाकडी सामानाच्या गोदामात झाला. मागे निळा रंग दिलेली फळी, समोर उसना आणलेला कॅमेरा. बोलणे सुरू झाले की पंखा बंद करावा लागे, कारण तो माझ्या निवेदिकेपेक्षा मोठ्याने बोलायचा. "हा पोरगा सहा महिने जगला तरी डोक्यावरून पाणी," असे निर्माताच म्हणत होता. मी जगलो तो तिच्यामुळे. घामाने चेहऱ्याचा रंग ओघळत असताना ती असे काही हसायची की समोरच्याला वाटावे, ही आपल्याच ओसरीवर टेकली आहे.

म्हणून मी तिला आई मानले. पण तिला आधीच एक मुलगी होती. माझ्यापेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठी. ते थोडेसे मोठेपण मला कधीच पचले नाही.

ज्या घरात मी चालू असतो तिथे मला पडद्यातून सगळे दिसते. तिच्या घरी मुलीला तिची मावशी सांभाळायची. सातला माझी धून वाजली की मावशी हाक मारायची, "ये गं, आला बघ तुझा सावत्र भाऊ." मुलगी यायची, माझ्या अगदी पुढ्यात बसायची आणि पहिले काम काय करायची, तर माझा आवाज बंद. मग आईचे ओठ हलतील तसे ती स्वतःच बोलायची. "दूध संपव. उद्याचं दप्तर भरलंस का? नखं दाखव बघू."

"अगं, आवाज कर," मावशी वैतागायची. "लग्न सांगतेय ती त्या नटीचं."

"होऊ दे की. मला कुठे जेवायला बोलावलंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आठवडाभर धावपळ करून मिळवलेली बातमी, आणि या घरात तिचे काय, तर नखे दाखव!

बाहेर माझे कौतुक वाढत होते. गोदाम सुटले, मोठी जागा आली, बक्षिसे मिळाली. गावेच्या गावे माझ्यासाठी पाने लवकर घ्यायची. पण आईचा जीव माझ्या विश्रांतीत अडकलेला. जाहिराती लागल्या रे लागल्या की फोन. "दार लावलंस? गॅस बंद आहे ना?" आणि पलीकडून तेच ठेवणीतले उत्तर, "हो. जा तू." कधी हट्ट नाही, कधी रडारड नाही. मला वाटे, हिला आईची पडलेली नाही, आणि जिला पडलेली नाही तिच्याचसाठी आई एवढी झुरते!

एकदा मुलगी तापाने फणफणली होती. त्याच दिवशी एका मोठ्या नायकाची मुलाखत ठरलेली. आई दाराशी घुटमळली, मुलगी म्हणाली, "जा गं, मावशी आहे." आई माझ्याकडे आली. त्या संध्याकाळी तिच्याइतके टवटवीत कोणी दिसले नव्हते. मी जिंकल्यासारखा मिरवलो. घरच्या पडद्यातून मात्र मला मुलीची फक्त पाठ दिसत होती.

पुढे लोक बातम्या फोनवर बघू लागले. माझी वेळ बदलली, पुन्हा बदलली, मी लागतो की नाही हे विचारायलाही कोणी फोन करेनासे झाले. तरी सातची वेळ परत मिळेपर्यंत आई टिकून राहिली.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. म्हातारे कलावंत गेल्यावर दाखवायचे त्यांचे निरोप आम्ही आधीच तयार करून ठेवतो. सगळे आईच्याच आवाजात. एकदा चुकून एका जिवंत नटाचा निरोप लागला, तेव्हा त्याने स्वतः फोन केला, "मजकूर सुरेख आहे, पण माझे दोन चित्रपट राहिले." ती गेली त्या दिवशी संकलकाने सारा साठा धुंडाळला. सगळ्यांचे निरोप होते, तिचा नव्हता.

"तिचा कोणी केलाच नाही?" निर्मात्याने विचारले.

"करणार कोण? करणारी तीच होती ना," संकलक म्हणाला.

मग मुलीला बोलावले. आईला निरोप देण्याचा मानसुद्धा पुन्हा हिलाच! ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती ताठ बसली. हातात लेखकाने लिहून दिलेला कागद. गोदामापासून सोबत असलेल्या ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून खूण केली. ती वाचू लागली, "लाखो घरांना ती आपली वाटायची..." आणि थांबली.

"पुन्हा घेऊ, ताई," तो म्हणाला.

"काका, छान लिहिलंय. पण हे माझ्याच्याने वाचवणार नाही."

"मग तुमच्या मनातलं बोला. घाई नाही."

आता ही माझ्या नावाने खडे फोडणार, असे मला वाटले. फोडावेत, मी म्हटले. निदान इतक्या वर्षांत एकदा तरी ती माझ्याशी भांडेल. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. आई आपल्या वाट्याला पुरती आलीच नाही, हे तिच्या चेहऱ्यावरचे दुःख मी ओळखले, कारण तेच घेऊन मी इतकी वर्षे जगलो होतो.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी "मी ठीक आहे, तू जा" म्हणाले, तर उंबऱ्यावर जरा थांबा आणि मागे वळून त्याच्या तोंडाकडे बघा. मी पडद्यात होतो, मला वळता येत नव्हते. तुम्हाला येते.

ती माइकजवळ सरकली. बसलेला आवाज तिने खाकरून साफ केला.

"आई," ती म्हणाली, "मी जा म्हणायचे ना, ते खरं नव्हतं. तू जाऊ नयेस असंच वाटायचं मला. रोज वाटायचं."